सर्वांत तापलेला ग्रह बुध नव्हे, शुक्र

बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ, म्हणजे तोच सर्वांत उष्ण असणार, असं अनेकांना वाटतं. तर्क सरळ आहे, पण तो मान शुक्राचा. बुधावर दुपारी तापमान ४३० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं खरं, पण उष्णता धरून ठेवायला वातावरण जवळजवळ नाहीच. त्यामुळे रात्री ते उणे १८० पर्यंत घसरतं. त्याच्या ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांमध्ये तर बर्फ आहे!

शुक्रावर मात्र दिवस असो वा रात्र, विषुववृत्त असो वा ध्रुव, सुमारे ४६५ अंश. शिसं वितळेल इतकं. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते की सल्फ्युरिक आम्लाचे त्याचे दाट ढग बहुतेक सूर्यप्रकाश परतवून लावतात (म्हणून तर शुक्राची चांदणी इतकी लखलखते) आणि शुक्र पृथ्वीपेक्षाही कमी सौरऊर्जा शोषतो. तरीही ही भट्टी पेटलेली, कारण वातावरणात सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या नव्वदपटीहून जास्त. आत आलेली उष्णता सहजासहजी बाहेर पडूच शकत नाही.

सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरलं. रंगीत छायाचित्रं पाठवत ते १२७ मिनिटं टिकलं. अपेक्षा होती जेमतेम अर्ध्या तासाची. त्या अभियंत्यांबद्दल मला फार आदर वाटतो.