लिस्प लिहायला एडिटर कसा लावलाय तुम्ही?

जावाकर

नमस्कार मंडळी,

नोकरीत बारा वर्षं जावा. दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं कॉमन लिस्प शिकायला घेतलं, पण भाषेच्या आधी एडिटरनंच दमवलंय. उबंटूवर एसबीसीएल (कॉमन लिस्प चालवणारा प्रोग्रॅम) टाकलं, टर्मिनलमध्ये चालू केलं. मागची ओळ परत आणायला वरचा बाण दाबला तर ओळीऐवजी चौकटी कंसांची रांगोळी उमटते. मग ईमॅक्स हा एडिटर घेतला आणि कुणाची तरी चारशे ओळींची इनिट फाइल (त्याची सेटिंग्जची फाइल) जशीच्या तशी उचलून टाकली. आता उघडताना सात एरर येतात. थीम मात्र झकास आहे.

ईमॅक्सच घ्यायला हवा का? व्हीएस कोड हाताला बसलाय. शेवटी येणारे ते सहा-सहा कंस तुम्ही मोजता कसे? आणि कमीत कमी काय लावलं की काम सुरू होईल?

कंसमामा

आयडीवरून कळलंच असेल, प्रश्न आमच्या घरचा आहे.

ती चारशे ओळींची फाइल आधी काढून टाका. दुसऱ्याची इनिट फाइल म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

बाणाचं कारण साधं आहे. एसबीसीएलच्या स्वतःच्या प्रॉम्प्टला ओळ संपादनाची सोयच नाही. आरएलरॅप नावाचा छोटा प्रोग्रॅम टाका आणि त्याच्यामार्फत एसबीसीएल चालवा, बाण चालतील. पण त्यात फार दिवस राहू नका.

जावात फाइल लिहायची, कंपाइल करायची, चालवायची. इथे लिस्प सकाळपासून चालूच असतं आणि आपण त्यात एकेक फंक्शन बदलत जातो. त्यामुळे एडिटर त्या चालू लिस्पला जोडलेला हवा, बाकी सगळं नंतर. ईमॅक्समध्ये हे काम स्लाइम करतं, किंवा त्याच्याच कोडवरून वेगळं निघालेलं स्लाय. मी स्लाय वापरतो. मेल्पावरून (ईमॅक्सच्या पॅकेजांचं कोठार) पॅकेज घ्या, इन्फिरियर-लिस्प-प्रोग्रॅम या व्हेरिएबलला एसबीसीएलचं नाव द्या, एम-एक्स (म्हणजे ऑल्ट-एक्स) करून स्लाय म्हणा. झालं. कंट्रोल-सी दोनदा दाबलं की कर्सर ज्या फंक्शनमध्ये आहे तेवढंच कंपाइल होतं. ऑल्ट-पूर्णविरामानं व्याख्येवर जायचं, ऑल्ट-स्वल्पविरामानं परत यायचं.

परवाचंच सांगतो. बिलाची बेरीज करणारं फंक्शन चालवलं. त्यातून 'कर-काढ' नावाचं फंक्शन बोलावलं होतं, जे मी लिहायलाच विसरलो होतो. (हो, एसबीसीएलला देवनागरी नावं चालतात.) डीबगर, म्हणजे चूक झाली की उघडणारी खिडकी, उघडला. पहिलाच पर्याय, क्रमांक शून्य: पुन्हा बोलावून बघ. मी डीबगर तसाच उघडा ठेवला, शेजारच्या फाइलीत कर-काढ लिहिलं, कंट्रोल-सी दोनदा दाबलं, परत येऊन शून्य दाबला. बेरीज जिथे अडली होती तिथूनच पुढे गेली. प्रोग्रॅम पहिल्यापासून चालवावा लागला नाही.

आता कंस. ते कुणीच मोजत नाही. आम्ही ओळ कुठून सुरू होते तेवढं बघतो. टॅब दाबल्यावर ओळ भलतीकडे सरकली तर समजायचं, वर कुठे तरी कंस चुकलाय. एक मेख आहे: २८ च्या आधीच्या ईमॅक्सचं मूळचं इंडेंट (ओळ किती आत सरकवायची ते) ईलिस्पच्या, म्हणजे ईमॅक्सच्या स्वतःच्या लिस्पच्या, वळणाचं. त्यात 'इफ'चा पहिला भाग चार स्पेस आत जातो आणि दुसरा दोन. कॉमन लिस्पवाले दोन्ही एकाखाली एक ठेवतात. ईमॅक्स तेवढा जुना असेल तर लिस्प-इंडेंट-फंक्शनला कॉमन लिस्पचं फंक्शन द्या.

पॅरएडिट (कंसांची जोडी तुटू न देणारं पॅकेज) मात्र महिनाभरानं लावा. आत्ता लावलंत तर शिव्या द्याल.

खिडकीवाला

मामांचं सगळं पटलं, पण हाताला बसलेला एडिटर कशाला सोडायचा? व्हीएस कोडसाठी अलाइव्ह एक्स्टेन्शन आहे. क्लोजर (लिस्पच्याच कुळातली भाषा) शिकणार असाल तर काल्व्हा हे एक्स्टेन्शन उत्तमच, त्यात पॅरएडिटही आतच येतं. एका वेळी एकच नवी गोष्ट शिकावी, भाषा तरी किंवा एडिटर तरी.

कंसमामा

क्लोजरपुरतं मान्य. कॉमन लिस्पसाठी मी तरी ईमॅक्सच म्हणेन, वर सांगितलेल्या डीबगरसाठी.

विमवाली

विम म्हणजे भांड्यांचा साबण नव्हे, एडिटर, हे आधी सांगते. :) विमसाठी व्हीलाइम बघा. मागे लिस्पशी बोलणारा स्लाइमचाच स्वँक सर्व्हर असतो, म्हणून फारसं काही गमावत नाही. ईमॅक्समध्ये ईव्हिल मोड लावून विमच्या कळा वापरणाऱ्यांना एक इशारा: डी दोनदा दाबून अख्खी ओळ उडवलीत की त्या ओळीतले कंसही जातात, मग पॅरएडिट असून नसल्यासारखं.

अवांतर: कॉमेंट मराठीत लिहायच्या असतील तर ईमॅक्समध्ये देवनागरी-आयट्रान्स ही इनपुट पद्धत आधीपासूनच आहे. कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून चालू-बंद करता येते.

जावाकर

सगळ्यांचे आभार. इनिट फाइल आता अकरा ओळींची आहे आणि स्लाय चालतंय. डीबगरचा प्रयोग करून बघितला, बायकोलाही बोलावून दाखवला. तिला काही कळलं नाही, पण मी खूश.

आता कबुली. मामांचं न ऐकता चौथ्याच दिवशी पॅरएडिट लावलं. बॅकस्पेस दाबला तर कंस पुसला जात नाही, कर्सर नुसता त्याच्या आत शिरतो. कीबोर्ड बिघडला म्हणून दुसरा जोडून पाहिला! आणि एका फाइलीत तर पॅरएडिट चालूच व्हायला तयार नाही.

कंसमामा

सांगितलं होतं.

यादीत, म्हणजे कंसांच्या जोडीत, काही असेल तर पॅरएडिट तिचा कंस पुसू देत नाही, तेच त्याचं काम. अगदीच पुसायचा असेल तर कंट्रोल-यू आणि मग बॅकस्पेस. जी फाइल नाही म्हणतेय तिच्यात कंस आधीच कमी-जास्त आहेत. एम-एक्स चेक-पॅरेन्स करा, जोडी न जुळलेल्या कंसापाशी नेऊन ठेवेल.

आता एवढं करून बघा. कंस बंद झाल्यावर लक्षात आलं की पुढचा शब्दही आत हवा होता, तर कर्सर आत ठेवून कंट्रोल-उजवा बाण. कंस पुढच्या शब्दाला पोटात घेतो. डाव्या बाणानं परत बाहेर टाकतो.

जावाकर

हे भारी आहे! पण ऑफिसच्या मॅकवर तेच दाबलं तर अख्खा डेस्कटॉपच सरकतो.

कंसमामा

तिथे ती कळ मॅकनं आधीच घेतलीय. कंट्रोलसोबत उजवा गोल कंस दाबा, तेच काम होतं. फक्त ईमॅक्स टर्मिनलमध्ये नको, त्याच्या स्वतःच्या खिडकीत उघडा. टर्मिनलमधून ही कळ सहसा पोचत नाही.