शब्दचर्चा: मिश्रण ‘रिच’ करणे – समृद्ध, दाट की नुसतंच पेट्रोल वाढवणे?

प्रश्न: कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) ट्यूनिंगवर मराठीत लिहितोय. ‘फ्युएल एनरिचमेंट’ला ‘इंधन समृद्धीकरण’ लिहावं का?

उत्तर: कृपया नको. ‘समृद्धीकरण’ म्हटलं की वर्तमानपत्र वाचणाऱ्याला युरेनियमच आठवतं, आणि गॅरेजमध्ये हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. ‘पेट्रोल वाढवणे’ सोपं आहे, पण अपुरं. इथे मुद्दा प्रमाणाचा आहे. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा ट्यूनर ती 12.5 ते 13 वर आणतात. आकडा उतरतो आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं, म्हणून नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

मी ‘दाट’च्या बाजूने आहे. वरण दाट करायचं तर डाळ वाढवा किंवा पाणी आटवा, दोन्हींनी तेच होतं. इथे डाळ म्हणजे पेट्रोल, पाणी म्हणजे हवा. मिकुनी कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईवरची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते, जास्त पेट्रोल निघतं, ही डाळ वाढवली. जुन्या मोटारीतली चोकची पट्टी हवेची वाट अडवते, हे पाणी कमी केलं.

जाता जाता: आरएक्स 100 सारख्या बाइकवर आपण ज्याला चोक म्हणतो, तो हवा अडवतच नाही. तो पेट्रोलची एक वेगळी वाट उघडतो. नाव चोक, काम दुसरंच! पण ते नाव इतकं रुळलंय की बदलू नये.

शंका: ‘दाट’ने पेट्रोलच घट्ट झाल्यासारखं वाटतं. आणि लीनला, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाला, ‘विरळ’ म्हणायचं ना?

उत्तर: म्हणून नुसतं ‘दाट’ न लिहिता ‘मिश्रण दाट’ लिहायचं. ‘विरळ’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. लेहला कार्ब्युरेटरची बुलेट घेऊन गेलेल्यांना विचारा: उंचावर हवा विरळ होते आणि त्याच कारणाने मिश्रण दाट होतं. गाडी ओढत नाही, प्लग काढला तर काजळीने काळा. आता ‘विरळ हवेत मिश्रण विरळ होत नाही, दाट होतं’ हे वाक्य वाचणाऱ्याने कसं सोडवायचं? लीनला ‘पातळ’ म्हणा. वरणाची जोडीही जमते.

‘ओव्हर’ हा शब्दही जपून वापरा. ‘पेट्रोल ओव्हर होतंय’ म्हणजे फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई नीट न बसल्याने ते बाहेर वाहतंय. ती बिघाडाची गोष्ट आहे, ट्यूनिंगची नाही.

प्रश्न: आणि होली या अमेरिकन कंपनीच्या कार्ब्युरेटरमधला पॉवर व्हॉल्व्ह?

उत्तर: नाव तसंच ठेवा, काम मराठीत सांगा. थ्रॉटल पूर्ण उघडला की इनटेकमधला (इंजिनात मिश्रण जाण्याच्या वाटेतला) व्हॅक्यूम कमी होतो, स्प्रिंग हा व्हॉल्व्ह उघडते आणि मेन जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य छिद्राच्या) जोडीला आणखी पेट्रोल मिळतं. त्यावर 65 कोरलेलं असेल तर व्हॅक्यूम पाऱ्याच्या 6.5 इंचांपर्यंत उतरला की तो उघडतो. साध्या इंजिनाला आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, 17-18 इंच मिळतात, त्यामुळे तिथे तो बंद राहतो. मोठा रेसिंग कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवून आयडलचा व्हॅक्यूम 6 वर आला, तर तोच पॉवर व्हॉल्व्ह गाडी नुसती उभी असतानाही उघडाच राहील. मग माणूस जेट बदलत बसतो आणि दुखणं भलतीकडेच असतं. नेहमीचा ठोकताळा आयडल व्हॅक्यूमच्या निम्म्याचा, म्हणजे इथे 3 च्या आसपासचा व्हॉल्व्ह लावून बघायचा.

तुमच्या लेखात हे वाक्य चालेल: ‘इंजिनावर भार आला की पॉवर व्हॉल्व्ह मिश्रण दाट करतो, भार उतरला की ते पुन्हा पातळ होतं.’ कोणत्याही मेकॅनिकला वाचून दाखवा, अर्थ विचारावा लागणार नाही.