रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, आईसाठी विचारतेय

प्रश्न (सिडको):
आईला रात्री झोपलं की घशाशी आंबट येतं, छाती जळते. उठून बसली की बरं वाटतं. जेवण साडेनऊला आणि लगेच अंथरूण. रविवारी मिसळ झाली तर विचारूच नका. थंड दूध पिते, पण पहाटे पुन्हा तेच.

उत्तर (पंचवटी):
ताई, माझ्या सासऱ्यांना हाच त्रास होता. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू सैल पडला की आम्ल वर चढतं. आडवं झाल्यावर तर वाट मोकळीच. म्हणून जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवून १५-२० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडून त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपू द्या. दुधाने तेवढ्यापुरतं शमतं, मग जठर आणखी आम्ल सोडतं. मिसळ सकाळी, तर्री कमी घेऊन.

उत्तर (नाशिकरोड):
पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) नाश्त्याआधी अर्धा तास घेतात. पण महिनोन्महिने मनाने नको.

पंचवटी:
आणि हे कळकळीने सांगते: छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ॲसिडिटी म्हणून थांबू नका, लगेच ईसीजी काढा. गिळायला त्रास, काळी शौच, वजन उतरणं, तरीही डॉक्टरच.

सिडको:
तसं काही नाही. विटा आजच आणते. बीपीची गोळी चालू आहे, तिने होतं का?

नाशिकरोड:
ॲम्लोडिपिनसारख्या गोळीने तो स्नायू सैल पडू शकतो. बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारा.