१९६५ची इम्पाला की १९६५ची न्यूपोर्ट? दोन्ही बाळगल्यावरचं माझं मत

डेट्रॉइटकर
अकरा वर्षं माझ्याकडे १९६५ची चार दारांची शेवरोले इम्पाला आहे, आणि सहा वर्षांपासून त्याच सालची क्रायस्लर न्यूपोर्ट. दोन्हींचं तेलपाणी मीच करतो. आता मत पक्कं झालंय : चालवायला न्यूपोर्ट उजवी, आणि चांगलीच उजवी.

माझ्या इम्पालात २८३ घनइंचांचं व्ही-८ आणि दोन गिअरचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. हायवेला लागताना पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहतं, आणि दुसरा पडला की एकदम दम गेल्यासारखं वाटतं. न्यूपोर्टमध्ये ३८३चं इंजिन, २७० अश्वशक्ती, आणि तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट. गिअर कधी बदलला तेही कळत नाही. पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, लांब टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे; त्यामुळे वळणावर एवढी मोठी गाडी होडीसारखी डोलत नाही. पुढची बाजू बसली तर एक बोल्ट पिळून उंची परत आणता येते.

तरी आपली माणसं घरी आली की इम्पालाभोवतीच जमतात. मुंबईत आमच्या लहानपणी इम्पाला म्हणजे श्रीमंती, दुसरा अर्थच नव्हता. पण माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते. तिथे फियाटच्या आधी क्रायस्लरच्याच डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या जायच्या. आपल्या मुंबईचं या घराण्याशीही नातं आहे, ते कुणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

शिवडीवाला
मुंबईचं नातं काढलंत म्हणून सांगतो, जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला १९२८पासून होता. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘शेवरलेट’ तेव्हापासूनची.

मूळ मुद्दा. ही तुलना मला न्याय्य वाटत नाही. एका बाजूला लहान इंजिन आणि पॉवरग्लाइड, दुसऱ्या बाजूला ३८३. त्या साली इम्पालात ३२७ मिळत होतं, पुढे त्याच वर्षी ३९६ही आलं, तीन गिअरच्या टर्बो हायड्रामॅटिकसह. त्यातली एखादी चालवा आणि मग बोला.

दुसरं, गाडी बाळगायची म्हणजे नुसती चालवायची नाही, जगवायची. १९६५मध्ये इम्पाला १० लाखांहून जास्त खपली. म्हणून आज काचांची रबरं, गालिचे, डिकीचा पत्रा, सगळं नवं बनवून मिळतं. मी डिकीचा अख्खा तळ घरपोच मागवून बसवला. न्यूपोर्टच्या चार दारांवरची क्रोमची पट्टी तुटली तर कुठे जाल? भंगाराचे अड्डे पालथे घालाल. शिवाय इम्पालाला खाली वेगळी चेसी आहे. न्यूपोर्टची बॉडी हीच चेसी. हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर तिच्या टॉर्शन बारचं मागचं टोक धरणारा आडवा तुकडा गंजला, की पुढच्या चाकांचा सगळा आधारच धोक्यात.

डेट्रॉइटकर
पट्टीचं खरं आहे. एका पट्टीसाठी मी दोन उन्हाळे फिरलो. ३९६चं मात्र नाही पटत. ते जादा पैसे मोजून घ्यायचं इंजिन. न्यूपोर्टमध्ये ३८३ हे सर्वांत साधं. सामान्य माणसाला शोरूममध्ये जे मिळायचं त्याचीच मी तुलना करतोय. गंजाचं म्हणाल तर इम्पालाची चेसीही मागच्या चाकांजवळ, जिथे ती वर वळते, तिथे मीठ साठवून आतून सडते. बाहेरून रंग तसाच दिसतो.

ओहायोची_सून
दोघेही फोर्डला विसरलात! आमच्याकडे त्याच सालची फोर्ड एलटीडी आहे. त्या वर्षी फोर्डने चेसी नवी केली आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइल स्प्रिंग दिले. रोल्स-रॉइसपेक्षा शांत अशी तिची जाहिरातच होती. मागे बसलेल्या सासूबाईंशी आवाज न चढवता बोलता येतं, मला तेवढं पुरतं. न्यूपोर्टला मागे पाटेच आहेत, खड्ड्यात ते जाणवतं.

आणि न्यूपोर्ट नवीन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचे दोन बोल्ट टायरवाल्या पोराने जोर लावून तोडले.

कॅलगरीकर
इंजिन आणि स्प्रिंग राहू दे, ब्रेकचं बोला. तिन्ही गाड्यांना ब्रेकची एकच लाइन आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. माझ्या जुन्या गाडीचा मागचा होज असाच उतारावर फुटला. मुलगी शेजारी होती. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांवर कशीबशी थांबवली. १९६७च्या मॉडेलांपासून दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) सर्रास आला, त्यात एक लाइन फुटली तरी दुसरी चालते; तो जुन्या गाडीलाही बसवता येतो. तुमच्यापैकी कुणी बसवलाय?

डेट्रॉइटकर
इम्पालाला बसवलाय. न्यूपोर्टला नाही, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. मूळ भाग राखायच्या हट्टापायी राहिलं. तो बसल्याशिवाय घरच्यांना तिच्यात बसवणार नाही.

शिवडीवाले, ते काम झालं की या. तुमची इम्पाला आणा, किल्ल्या बदलू, ओहायोतल्या टोलेडोपर्यंत जाऊन येऊ.

शिवडीवाला
येतो. पण निघण्याआधी न्यूपोर्ट जॅकवर घ्या. तो आडवा तुकडा मला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचाय. आत गेला, तर टोलेडोला दोघंही इम्पालातून.