४३ इंचाला ४के: वाढीव पैसे नेमके कशाचे?

चष्म्याचा_नंबर

'आजच्या घडीला ४के नसलेला टीव्ही घेणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, फरक आंधळ्यालाही दिसेल' असं छातीठोक विधान परवा एका सभासदाने केलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे उत्तर दिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, आणि पिक्सेल म्हणजे चित्राचा एक ठिपका. आंधळ्याचं राहू द्या, चांगल्या नजरेच्या माणसाचं बघू. निरोगी डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात, त्याहून बारीक असले की एकच वाटतात. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. फुल एचडीत त्यावर १९२० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांपलीकडून तो सुटा दिसत नाही. आता टेप घ्या आणि सोफ्याच्या पाठीपासून भिंतीपर्यंत मोजा. आठ-नऊ फूट भरेल. तिथून ४केचे ८३ लाख पिक्सेल आणि फुल एचडीचे पावणेएकवीस लाख सारखेच. ५५ इंचाला ही हद्द सात फुटांवर जाते, ६५ इंचाला साडेआठ. ३२ इंचीत तर फुल एचडीहून कमी पिक्सेलचा एचडी रेडीसुद्धा सहा फुटांपुढे पुरेसा आहे.

आणि हे सगळं मूळ चित्र तेवढं स्वच्छ असेल तर. एसडी, म्हणजे साधी, वाहिनी येते ७२० बाय ५७६ मध्ये. ४के पडद्यावर तिच्या एका पिक्सेलचे वीस करायचे असतात, त्यातले एकोणीस टीव्ही मनाने भरतो. एचडी वाहिनीही १०८०आय, म्हणजे फुल एचडीच, तीही एकाआड एक ओळींनी. नेटफ्लिक्सवर ४के फक्त ६४९ च्या प्लॅनमध्ये. ४९९ वाल्याला १०८०, १९९ वाल्याला ७२०. संध्याकाळी मालिका, रात्री बातम्या, रविवारी मॅच असं बघणाऱ्या घरात ४के पॅनेलला ४के चित्र मिळतं कधी?

तिसरा_एचडीएमआय

गणित बरोबर, निष्कर्ष साफ चूक.

एक म्हणजे तो साठावा भाग सुट्या ठिपक्यांसाठी. तिरप्या रेषेतली पायरी, अक्षराची कड, बातम्यांखाली धावणारी पट्टी यातला तुटकपणा डोळा त्याहून बराच बारीक पकडतो. देवनागरी सबटायटलमधला 'क्ष' आणि रफार बघा, कळेल.

दुसरं आणि महत्त्वाचं: ४३ आणि त्यावरच्या मापात फुल एचडी आता उरलासुरला माल आहे. जरा बरं पॅनेल, बरा प्रोसेसर, २ जीबी रॅम, एचडीएमआय २.०, हे सगळं कंपन्या ४के मॉडेलमध्येच घालतात. फुल एचडीच्या नावाखाली १ जीबी रॅम आणि एकदाही अपडेट न येणारी जुनी सिस्टिम गळ्यात पडते. त्यात वाइडवाइन एल१ (नक्कल रोखणारी, नेटफ्लिक्सला लागणारी सोय) नसलं की टीव्ही फुल एचडी असूनही नेटफ्लिक्स एसडीतच चालणार. वाढीव पैसे पिक्सेलचे नसतात हो, बाकीच्या सामानाचे असतात. पिक्सेल त्यासोबत येतात, नको म्हटलं तरी.

पिवळी_वायर

दोघेही हवेत. आधी सेट-टॉप बॉक्सच्या मागे हात घाला. कित्येक घरांत एचडी बॉक्स, एचडी पॅक, एचडी टीव्ही, आणि मधे जोडलेली लाल-पांढरी-पिवळी वायर! त्या वायरीतून ५७६ ओळींच्या वर काही येत नाही. बसवणाऱ्याने एचडीएमआय दिली नाही, मागितलीही कुणी नाही. एचडीएमआय लावली तरी बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट ५७६ वर अडकलेलं असतं, ते १०८०आय करावं लागतं. पिक्चर साइज '१६:९', आणि टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टु स्क्रीन' जे काही नाव असेल ते चालू. नाहीतर टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतो आणि पिक्सेलला पिक्सेल जुळत नाही.

पॅकचं तर बोलूच नका. २०१९ च्या नियमांत वाहिन्यांच्या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली. जुलै २०२४ मध्ये नेटवर्क शुल्कावरची (वाहिन्या घरी पोचवण्याचे महिन्याचे पैसे) १३० आणि १६० रुपयांची मर्यादाही काढून टाकली. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी एचडीत आहेत, पण आजीच्या भक्तीच्या वाहिन्या एसडी, गाण्यांच्या बहुतेक एसडी. एचडीचे पैसे भरा आणि निम्मा दिवस एसडी बघा.

चष्म्याचा_नंबर

@तिसरा_एचडीएमआय, म्हणजे ४के घ्या कारण फुल एचडी मुद्दाम वाईट बनवतात? हा ४केचा गुण झाला की कंपन्यांचा दोष? आणि स्वस्त ४केत काय दिवे लागलेत? २५०-३०० निट्सचं पॅनेल (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप), खोक्यावर मोठ्या अक्षरात एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला जास्त फरक दाखवणारं चित्र. त्या एचडीआरचा अर्थ एवढाच की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नाही.

सोल्डर_आणि_चहा

अवांतर आहे, पण उजेडाचा विषय निघालाच आहे तर.

४के पॅनेलमध्ये पिक्सेल बारीक, त्यामुळे त्यांच्यामधल्या तारा-ट्रान्झिस्टरांनी अडवलेली जागा जास्त. उजेड कमी आरपार जातो. तेवढाच उजेड बाहेर दिसायला हवा तर पॅनेलमागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, जास्त जोरात चालवावा लागतो, आणि स्वस्त सेटमध्ये तिथेच काशी होते. पातळ पत्र्यावर एलईडीच्या स्ट्रिपा चिकटवलेल्या, उष्णता जायला वाट नाही, आणि कारखान्यातून बॅकलाइट थेट १०० वर. एलईडी सिरीजमध्ये असतात, एक उडाली की ती ओळ बंद, आणि बहुतेक सेट संरक्षणासाठी सगळा बॅकलाइटच बंद करतात. लक्षण: आवाज येतो, पडदा काळा. अंधार करून टॉर्च तिरका धरा. चित्र अंधूक हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, बॅकलाइट गेलाय. यावर कुणी 'पॅनेल गेलं, नवा घ्या' म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.

घरात आल्या आल्या मोड 'स्टोअर' वरून 'होम' करा, 'व्हिविड' काढा, बॅकलाइट ५०-६० वर आणा. ४के असो की एचडी रेडी, टिकण्याच्या दृष्टीने याच्याइतकं फुकटचं औषध नाही.

तिसरा_एचडीएमआय

ब्राइटनेस कमी करून एलईडी वाचतात हा गोड गैरसमज. निम्म्या सेटमध्ये डिमिंग पीडब्ल्यूएम असतं. करंट तेवढाच, फक्त चालू-बंद होतो.

सोल्डर_आणि_चहा

ब्राइटनेस म्हणालो नाही, बॅकलाइट म्हणालो. वाचत जा. ब्राइटनेस बऱ्याच सेटमध्ये ब्लॅक लेव्हल असते; हलवल्यावर काळा भाग राखाडी झाला तर ती ब्लॅक लेव्हल. काही कंपन्यांत ब्राइटनेस म्हणजेच बॅकलाइट, तिथे काळा-पांढरा दोन्ही एकदम मंद होतात.

आणि पीडब्ल्यूएममध्ये शिखराचा करंट तोच, मान्य. पण एलईडीला मारते ती उष्णता, आणि उष्णता सरासरीवर ठरते. ५० टक्के वेळ चालू म्हणजे साधारण निम्मी उष्णता. 'गोड गैरसमज' हा शब्द तुमच्याकडेच ठेवा.

तिसरा_एचडीएमआय

बरं बाबा, उष्णता कमी होते. झालं समाधान? पण एचडीआर चित्र लागलं की टीव्ही स्वतःच बॅकलाइट कमाल पातळीवर नेतो, एचडीआरची सेटिंग वेगळी साठवलेली असते. तुमचे ५०-६० तिथे लागू नाहीत. हे सांगायला विसरलात.

सोल्डर_आणि_चहा

नाही विसरलो, तुम्ही सांगावं म्हणून ठेवलं होतं. :) एचडीआर चित्र चालू असतानाच मेनू उघडून तिथलाही बॅकलाइट खाली आणायचा. ३०० निट्सच्या सेटमध्ये एचडीआरचं तसंही काही गमावत नाही.

दमट_हवा

स्ट्रिप बदलायची झाली तर एकच बदलतात की सगळ्या? आमच्या भागात, म्हणजे किनाऱ्याला, दुकानदार एकच बदलून देतो.

सोल्डर_आणि_चहा

सगळ्या. एक नवी आणि बाकी जुन्या असल्या की पडद्यावर उजेडाचा पट्टा दिसतो आणि उरलेल्यांपैकी एक लवकरच जाते. मागवताना टीव्हीच्या मॉडेल नंबरावर विसंबू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या स्ट्रिपा निघतात. स्ट्रिपवर छापलेला क्रमांक, एलईडींची संख्या, लांबी, आणि ३ व्होल्टच्या की ६ व्होल्टच्या, एवढं जुळलं पाहिजे. एलईडीवरची भिंगं निखळून पडली असतील तर आधीपासूनच पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असणार.

खरा धोका पॅनेल उचलताना. काचेच्या कडेला केसासारख्या पातळ रिबन चिकटवलेल्या असतात, एक ताणली गेली की आयुष्यभर उभी रेघ. व्हॅक्यूम कप लावून दोघांनी सरळ वर उचलायचं, पिळायचं नाही. उजेड पसरवणाऱ्या डिफ्यूजरच्या शीटवर बोटाचे ठसे नकोत, आणि त्यांचा क्रम व बाजू मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवीन स्ट्रिपा बसवल्यावर शहाणा कारागीर बॅकलाइट चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटचा करंटही उतरवतो: करंट मोजणारे समांतर रेझिस्टर असतात, त्यातला एक काढला की करंट खाली येतो. हे घरी करू नका. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात.

किनाऱ्याला आणखी एक. खारट दमट हवेने त्या रिबनच्या जोडावर गंज चढतो. टीव्ही रोज थोडा वेळ चालू राहिला तर आतून कोरडा राहतो. महिनोन्महिने बंद घरात तो आपोआप बिघडतो. मागच्या भोकांतून पाल आत जाऊन बोर्डावर शॉर्ट होते ते वेगळंच. पडदा पुसायला कोरडं मायक्रोफायबर, काचेचा स्प्रे अजिबात नाही.

पिवळी_वायर

धागा ४केचा होता ना? आता पालीपर्यंत पोचलो. चालू द्या.

चौकटराजा

मूळ मुद्द्यावर येतो, कारण धागाकर्त्याचं एक वाक्य खटकलंय. ४केवर एसडी वाईट दिसतं याचा दोष पिक्सेलच्या माथी का? लोक ३२ वरून ४३ वर जातात, चित्राचं क्षेत्रफळ १.८ पट होतं, बसायची जागा तीच राहते. तेच सदोष चित्र जवळ आणून बघितल्यासारखं होतं. ४३ फुल एचडीवरही एसडी तितकंच भिकार दिसेल. त्यावर शार्पनेस ५० ठेवला की चेहऱ्याभोवती पांढरी किनार येते. शार्पनेस ० ते १०, नॉइज रिडक्शन 'लो', मोशन स्मूदिंग बंद. मालिका लगेच सुसह्य होते. चित्राने, कथेने नव्हे.

मॅच धावताना अडखळते तेही ४केमुळे नाही. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं, अॅपमधून टीव्ही ते ६० वर दाखवतो, मग कॅमेरा फिरला की चेंडू हिसके खातो. नव्या अँड्रॉइडमध्ये 'मॅच कंटेंट फ्रेम रेट' आहे, ते चालू करा.

चष्म्याचा_नंबर

क्षेत्रफळाचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण मग तुम्हीच सांगताय की फरक मापाने पडतो, ४केने नाही. माझं वेगळं काय म्हणणं होतं?

चौकटराजा

तुमचं म्हणणं 'पैसे वाया' असं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मोठ्या मापाचा कराचा दंड गेला. आठ फुटांवर बसणाऱ्याने ४३ फुल एचडी आणि ४३ ४के यात डोकं फोडूच नये, थोडे आणखी घालून ५५ घ्यावा. आणि ५५ मध्ये फुल एचडी शोधून दाखवा दुकानात.

चष्म्याचा_नंबर

आठ फुटांवर ५५ लाही माझ्या हिशोबाने फुल एचडी पुरतं, हद्द सात फुटांची आहे. पण दुकानात तो मिळत नाही हेही खरं. घ्या ४के, जिंकलात! फक्त ४३ च्या गिऱ्हाईकाला 'अडाणी' म्हणू नका. फरक समजा पाच हजारांचा असेल, तर त्याने ते साउंडबारला घालावेत. खाली तोंड केलेल्या दहा वॅटच्या स्पीकरमधून संवाद कळत नाहीत, ते कुठल्याच पिक्सेलने भरून निघत नाही.

सोल्डर_आणि_चहा

साउंडबार घेणाऱ्यांसाठी, नाहीतर उद्या 'आवाज येत नाही' असा नवा धागा येईल: टीव्हीच्या ज्या एचडीएमआयवर 'एआरसी' लिहिलंय त्यातच लावा, टीव्हीत सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आदेश द्यायची सोय) चालू करा. तरी आवाज नसेल तर बहुधा टीव्ही डॉल्बी पाठवतोय आणि स्वस्त बारला ते उलगडता येत नाही. डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करा.

पिवळी_वायर

आणि एआरसीचा पोर्ट बारने अडवल्यावर सेट-टॉप बॉक्स परत त्या लाल-पांढऱ्या-पिवळ्यावर लावू नका. दोनच एचडीएमआय असलेले ४केही विकतात, खोक्यावर मोजून घ्या.