देवबागला स्वतःची बोट न्यायची आहे, कोणती घेऊ? (बजेट ८० हजार, वर एक रुपया नाही)

धरमपेठ_नाविक
नमस्कार मंडळी. येत्या दिवाळीत आम्ही चौघं (मी, बायको, पोरगा, साळा) नागपूरहून गाडीनं मालवणला जाऊन राहिलो. पाडवा, भाऊबीज तिकडेच. कर्ली खाडीत देवबागपासून नेरूरपारच्या पुलापर्यंत स्वतःच्या बोटीनं हिंडायचं आहे. हवा भरायची बोट डिक्कीत मावते म्हणून तीच डोक्यात आहे. प्रश्न असे की छोटं पेट्रोल इंजिन घेऊ की बॅटरीची मोटर? खाडी जागोजागी उथळ आहे म्हणतात, तिथं काय करायचं? आणि त्या दिवसांत वादळाची भीती असते का? ८० हजारांत लाइफजॅकेटही आले पाहिजेत. पोहणं साळ्याला सोडून सगळ्यांना येते. अनुभव रामटेकच्या खिंडसी तलावात वल्हवण्याचा. "भाड्यानं घ्या" असं कृपया कोणी सांगू नये.

संत्रानगरी
भाड्यानं घ्या.

फायबरवाला
भाऊ, ८० हजारांत बोटीवरची ताडपत्री येते. रबरी बोट म्हणजे पोरांचं खेळणं. मी फायबरची चौदा फुटी घेतली, मागं २५ हॉर्सपॉवरचं इंजिन. अलिबागला भाच्याच्या वाडीत उभी असते. अशी पळते की बाजूचे मच्छीमार थांबून पाहतात. थोडं बजेट वाढवा, तीन-चारपट, आणि एकदाच घ्या.

धरमपेठ_नाविक
फायबरवाला, शीर्षक वाचा ना.

समृद्धीवीर
बोटीचं राहू द्या, जाणार कोणत्या रस्त्यानं? समृद्धीनं जाल तर टोल भरून थेट भिवंडीकडे निघाल आणि मग अख्खं कोकण उतरत बसाल. सोलापूर-कोल्हापूरवरून गगनबावडा किंवा फोंडा घाट घ्या.

संत्रानगरी
गगनबावड्यापेक्षा आंबोली बरा.

समृद्धीवीर
आंबोलीनं सावंतवाडीला उतराल, मग मालवणसाठी पुन्हा वर. काऊन? नागपूरहून मडगावची गाडी आहे, कुडाळला उतरा न्. पण मग बोट कशी नेणार, तेही आहेच.

खिंडसीचा_राजा
बॅटरीचीच मोटर घ्या. माझ्याकडे आहे. आवाज नाही, धूर नाही, बगळा उडत नाही. रामटेकला रविवारी सकाळी गेलो की दुपारपर्यंत एका बॅटरीवर काम होते. इंजिनवाले लोक उगाच गाजावाजा करतात.

तळकोकणी_मनीषनगर
खिंडसीतलं पाणी उभं असतं हो. खाडीत ओहोटीची ओढ लागली की ती मोटर फिरत राहते आणि काठ जागेवरच दिसतो. बॅटरी संपते ती त्याच वेळी.

माझं आजोळ कोर्जाईचं, म्हणजे कर्लीच्या पलीकडच्या काठाचं. बोट कोणतीही घ्या, आधी पाण्याची वेळ शिका. तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाला. हा मुंबईचा हिशेब झाला. तळकोकणात भरती थोडी आधी येते, त्यामुळे नेमकी वेळ तक्त्यात बघायचीच. भाऊबीज म्हणजे द्वितीया, गणितानं दीड येतो, तुमच्याकडे त्याच्या जरा आधी धरा. लक्ष्मीपूजन अमावास्येचं असतं, म्हणून तुमचे सगळे दिवस उधाणाचे. पाणी चढेल जास्त आणि सुकेलही जास्त. सकाळी जिथं कोरडी वाळू दिसेल तिथं दुपारी छातीएवढं पाणी असू शकतं.

अनोळखी खाडीत चढत्या पाण्यात शिरावं. बूड टेकलं तरी थोडं थांबलं की पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर वेळ घालवू नका. इंजिन बंद करून वर उचला, रेटू नका. पंखा तर घासतोच, पण थंडाव्यासाठी ओढलेल्या पाण्यातून वाळू आत गेली की पंप खलास. सगळ्यांनी खाली उतरायचं, पायात बूट हवेत, आणि आलात त्याच वाटेनं बोट मागं ढकलायची. उधाणाच्या ऐन भरतीला वाळूवर चढलात तर पुढची भरती तेवढी येईलच असं नाही, हेही डोक्यात ठेवा.

देवबाग-भोगव्याच्या मधल्या मुखाकडे फिरकू नका. दुपारी खारा वारा आत येतो, ओहोटीचं पाणी बाहेर जातं, दोन्ही भिडले की आखूड उभ्या लाटा होतात. त्सुनामी आयलंडला, म्हणजे तिथल्या वाळूच्या बेटाला, पर्यटकांच्या बोटी लागतात हे खरं, पण त्यांचे तांडेल (बोट चालवणारे) रोज वाळू बघतात. पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा गेल्या वर्षीच्या जागी नसतो.

पहिला दिवस गावातला माणूस बोटीत घ्या, एवढंच म्हणेन. आणि यंत्र लावणार असाल तर नोंदणीचं मालवणच्या बंदर कार्यालयात आधी विचारा, काठावर अडवल्यावर नको.

फायबरवाला
तिथीचं गणित आजोबांच्या काळातलं. ॲप टाका, मिनिटासकट वेळ येते.

तळकोकणी_मनीषनगर
टाका की. फोन पाण्यात पडला की कॅलेंडर उपयोगी पडतं.

गच्चीवरचा_खलाशी
रबरी बोटीबद्दल कोणी खरं सांगत नाही म्हणून लिहितो. आमच्या पोरानं मे महिन्यात गच्चीवर कडक फुगवून ठेवली, दुपारी हवा तापली आणि शिवण उसवली. ती चिकटवली तर कोकणात कालवांनी बूड चिरलं. दगडाला चिकटलेली कालवं म्हणजे ब्लेडच. विकणारा म्हणाला होता खडकावरही चालते. आता फोन उचलत नाही. घ्यायचीच असेल तर वेगवेगळ्या हवेच्या कप्प्यांची घ्या, एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. उन्हात थोडी हवा कमी ठेवा.

संत्रानगरी
लाइफजॅकेट घ्या.

समृद्धीवीर
वादळाचं कोणी बोलून नाही राहिलं. सोनेगावला हवामान खात्याचं ऑफिस आहे, निघताना त्यांचा अंदाज पाहून घ्या.

तळकोकणी_मनीषनगर
सोनेगावचं केंद्र विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड बघतं. कोकण किनाऱ्याचा इशारा मुंबईच्या केंद्राचा, लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राच्या माहिती केंद्राचा. मासेमारांसाठीचा इशारा वाचा. नुसतं "हलका पाऊस" बघून ठरवू नका, पाऊस नसतानाही समुद्र खवळलेला असतो.

आणि हो, दिवाळीच्या दिवसांत भीती असते. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार समुद्रात घोंगावत होतं, किनाऱ्याला न येताही त्याच्या लाटांनी मालवण-देवगडकडे नुकसान केलं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बोट डिक्कीतच राहू द्या. खाडीत असताना पूर्वेकडून काळं झालं तर जवळचा काठ गाठा. काठ मिळालाच नाही तर नांगर पुढून, नाळेवरून टाका, दोर खोलीच्या पाचपट तरी सोडा. मागून टाकलात तर लाट थेट आत येते. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

खिंडसीचा_राजा
नांगर खिंडसीतही लागतो बरं, वारा तिथंही सुटतो.

गच्चीवरचा_खलाशी
वाशिष्ठीत जाऊ नका एवढंच. तिकडे मगरी आहेत. रबरी बोट आणि मगर, विचार करा.

संत्रानगरी
ते चिपळूणकडे हो. हे मालवणला चालले.

फायबरवाला
माझ्या बोटीला मगरीचा बापही काही करणार नाही.

धरमपेठ_नाविक
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला. इंजिन नाही, बॅटरीही नाही. तीन कप्प्यांची, फक्त वल्ह्यांची बोट घेतली, सोबत चार लाइफजॅकेट, नांगर आणि रबरी बूट. बजेटमधून पैसे उरले. भाऊबीजेला सकाळी नऊला निघू, भरतीच आम्हाला नेरूरपारकडे घेऊन जाईल. जेवण करू आणि अडीचला ओहोटीबरोबर परत. पाणीच दोन्हीकडे ढकलणार तर पेट्रोल कशाला जाळायचं?

तळकोकणी_मनीषनगर
जाताना बरोबर. येताना खारा वारा तोंडावर असेल, वल्ह्यांनी दमाल. आणि ओहोटी तुम्हाला देवबागच्या घरासमोर सोडणार नाही, मुखाकडे नेईल. परतीला काठ धरून चला आणि मुखाच्या खूप आधी बाहेर पडा. किंवा गाडी नेरूरपारलाच बोलवा आणि तिकडूनच बोट गुंडाळून या. अजूनही सांगतो, माणूस सोबत घ्या.

धरमपेठ_नाविक
नेरूरपारला गाडी बोलवायचं साळ्याच्या डोक्यात बसलं आहे, तो गाडीतच थांबतो म्हणून राहिला. माणूस नको, बोटीत जागा नाही.

समृद्धीवीर
मग घाट कोणता ठरला?

धरमपेठ_नाविक
आंबोली.