मदत हवी आहे: धावण्याचे वैयक्तिक प्रशिक्षण गटाकडे कसे न्यावे?

नमस्कार. मी ठाण्यात दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचे प्रशिक्षण पूर्णवेळ देतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण चाळिशीच्या आसपासचे, नोकरी-धंदा सांभाळून हाफ मॅरेथॉन किंवा ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावू पाहणारे आहेत. प्रत्येकाचा आठवड्याचा आराखडा मी स्वतंत्र करतो, त्याच्या घड्याळातल्या नोंदी पाहतो आणि दर आठवड्याला त्याच्याशी फोनवर बोलतो. अशा पद्धतीने पंचवीस-तीस जणांपलीकडे कोणालाही न्याय देता येत नाही, आणि तेवढ्यांच्या फीवर वर्षभर घर चालत नाही.

वर्षभर म्हणण्याचे कारण असे की हा धंदा हंगामी आहे. मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे सोळा ते अठरा आठवड्यांच्या तयारीसाठी सप्टेंबरात गर्दी होते. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटातल्या शर्यतीत धावणारे त्याआधी, भर पावसात येतात. जानेवारीची शर्यत झाली की पदक गळ्यात पडते, पुढे उकाडा सुरू होतो, आणि फेब्रुवारी ते मे या काळात निम्म्याहून अधिक लोकांची फी थांबते. फी वाढवण्याचा सल्ला अनेकांनी दिला; परंतु त्याने तास वाढत नाहीत आणि उन्हाळ्याचा खड्डाही भरत नाही.

गटात शिकवावे, असे मनात आहे. वॉर्म-अप, ताकदीचे व्यायाम, येऊरच्या चढावरचा सराव आणि रविवारची लांब धाव या गोष्टी सर्वांना एकत्र शिकवता येतात, किंबहुना लांब धाव गटातच अधिक चांगली होते. वेग आणि दुखापत मात्र गटात बसत नाहीत. हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत पूर्ण करणाऱ्या दोघांपैकी एकाला सकाळी पहिले पाऊल टेकवताना टाच दुखते आणि दुसरा इन्सुलिन घेतो. त्या दोघांना एकच आराखडा देणे मला धोक्याचे वाटते.

तयार आराखडा किंवा ध्वनिचित्रित अभ्यासक्रम विकण्याबद्दल मी साशंक आहे. मॅरेथॉनचे आराखडे इंटरनेटवर फुकट मिळतात. लोक मला पैसे देतात ते सहाव्या आठवड्यात ताप आल्यावर किंवा कंपनीने अचानक दौऱ्यावर पाठवल्यावर उरलेल्या आठवड्यांचे काय करायचे, हे सांगण्यासाठी. कंपन्यांकडूनही विचारणा होते, पण त्यांना बहुधा जानेवारीच्या तोंडावर एक दिवसाचा उत्साहवर्धक कार्यक्रम हवा असतो आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी हाती येतात.

जीएसटीचा विचारही करावा लागेल. सेवांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. कला किंवा संस्कृतीच्या छंदवर्गांना, ते व्यक्तीने चालवले तरी, करसवलत मिळते. खेळाच्या प्रशिक्षणाला मात्र ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थांपुरतीच आहे. माझे ग्राहक पगारदार असल्यामुळे त्यांना कराची वजावट घेता येणार नाही, म्हणजे मर्यादा ओलांडताच त्यांच्यासाठी फी सरळ वाढेल.

ज्यांनी कोणत्याही खेळाचे वा व्यायामाचे वैयक्तिक प्रशिक्षण गटाकडे नेले आहे, त्यांच्याकडून मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. वैयक्तिक लक्ष नेमके कोठे ठेवावे आणि त्याची फी वेगळी घ्यावी काय? मदतनीस प्रशिक्षक नेमल्यास ओळखीचे धावक त्याच्यामागे निघून जाणार नाहीत, यासाठी काय करता येते?

प्रतिसाद:

मी पुण्यात प्रौढांना पोहायला शिकवते. आमचा हंगाम तुमच्या उलट आहे: एप्रिल-मेमध्ये तलावात जागा नसते आणि पावसाळ्यात लोक फिरकत नाहीत. माझ्याकडे हे गणित सुटले ते फी दोन भागांत केल्यावर. गटाचे सभासदत्व वर्षाचे ठेवले आणि वैयक्तिक तपासणी मागणीनुसार, वेगळ्या शुल्काने. बहुतेकांना दर आठवड्याला फोन नको असतो. काही अडले की तुम्ही उपलब्ध आहात, एवढे त्यांना पुरते. तुम्ही मात्र टाच दुखणाऱ्याला आणि इन्सुलिन घेणाऱ्याला गटात घेण्यापूर्वीच वेगळे काढा. प्रवेशअर्जात आजार, औषधे आणि जुन्या दुखापती लिहून घ्या, आणि अशांना डॉक्टरांची लेखी संमती आणल्यावर वैयक्तिक प्रशिक्षणातच ठेवा.

फेब्रुवारी ते मे या काळात मॅरेथॉन विकू नका. ताकदीचे व्यायाम आणि पाच-दहा किलोमीटरचा वेग यांचा स्वतंत्र हंगाम करा. उन्हात तीन तास धावण्यापेक्षा पहाटेचा पाऊण तास लोकांना झेपतो. मदतनीस बाहेरून आणण्याऐवजी तुमच्याच जुन्या धावकांपैकी स्थिर वेगाचे दोघे-तिघे निवडा, त्यांना प्रथमोपचार व सीपीआर शिकवा आणि फक्त एकेका वेगाचा गट सोपवा. आराखडा तुमच्याकडेच राहिला, तर सहसा कोणी कोणाच्या मागे जात नाही. आणि समजा गेलेच, तर चार जण जातील. त्या भीतीपायी सारे काम एकट्याने ओढत राहणे अधिक महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्ता:

ताई, मनापासून आभार. वेगवार गट आणि उन्हाळ्याचा वेगळा हंगाम दोन्ही करून पाहण्याजोगे आहेत. वार्षिक सभासदत्वाबद्दल एक शंका आहे. धावण्यात दुखापतीमुळे दोन-तीन महिने पूर्ण थांबावे लागणे नेहमीचे आहे. अशा वेळी आपण पैसे परत करता, मुदत वाढवून देता, की त्या काळात वैयक्तिक तपासणी विनाशुल्क देता? लेखी नियम कसा ठेवला आहे, हे कळल्यास फार मदत होईल.